रोहीची वाट आणि माणसांच्या तऱ्हा: पांढरकवड्याकडच्या एका शेतकरी गटाचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर (पांढरकवडा) तालुक्यात, टिपेश्वर अभयारण्यापासून फार लांब नसलेल्या एका गावातला हा शेतकरी गट. गावाचं नाव देत नाही, आणि माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. सतरा सभासद. सगळ्यांची वावरं नाल्याच्या एका अंगाला, धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध, लागून. खरिपात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, तिच्यात तुरीच्या ओळी, काहींचं सोयाबीन. सोयाबीन निघालं की ज्याच्या विहिरीला पाणी तो हरभरा पेरतो. गट बांधला होता बियाणं आणि खत एकत्र घ्यायला, पण दोन हंगामांपासून बैठकीत विषय एकच: रोही.

नीलगायीला इकडं रोही म्हणतात. कळप रात्री नाल्यातून वर येतो, हरभऱ्याचे शेंडे खुडतो, तुरीचा फुलोरा आणि कोवळ्या शेंगा खातो, आणि खातो त्याहून जास्त तुडवतो. त्याच्या मागोमाग रानडुकरं. धुऱ्यावर जुनी लुगडी बांधून पाहिली, तर आठवड्याभरात जनावरांना त्यांची सवय झाली. वन विभागाकडं अर्ज केला की पंचनामा होतो, भरपाईही मिळते, पण ती येईस्तोवर पुढचा हंगाम उभा राहतो. मग उरते जागल. रात्रभर मचाणावर बसून टॉर्च मारायचा, डबा वाजवायचा, आणि सकाळी त्याच डोळ्यांनी कापूस वेचायला जायचं.

गटानं वर्गणी काढून सौर कुंपण घ्यायचं ठरवलं, म्हणजे इकडच्या बोलीत झटका मशीन. निम्म्याहून जास्त वर्गणी गोळा झाली आणि तिथंच गाडं रुतलं. पैसे बँकेत, तार दुकानात, हरभरा रोहीच्या पोटात.

मी मानसशास्त्र शिकवते आणि शेतकरी गटांच्या प्रशिक्षणात अधूनमधून जाते. मला बोलावलं गटाच्या सचिव ताईंनी. त्यांचं म्हणणं साधं होतं: "मॅडम, दोघायचंही डोकं चालते. पण एकाच खोलीत चालत नाई."

पेच असा होता. गटाचे अध्यक्ष, ज्यांना सगळं गाव काकाजी म्हणतं, साठी ओलांडलेले. त्यांचं मत: शेजारच्या गावात झटका मशीन लागलंय, ते चालतंय, तेच आणावं. त्यांनी तिथं जाऊन पाहणी केली होती, आणि ती वरवरची नव्हती. तिथल्या तारेखाली गवत वाढलं होतं. गवत तारेला टेकलं की करंट जमिनीत उतरतो आणि झटका लुळा पडतो, म्हणून गवत काढायची पाळी लावायची. काळी माती पौषात वरून सुकते, अर्थिंग कमजोर होतं, म्हणून सळ्या ओलाव्यापर्यंत खोल ठोकायच्या. खालची तार डुकरासाठी जमिनीलगत, वरची रोहीच्या छातीपर्यंत. हे सगळं त्यांच्या वहीत आकृत्यांसकट होतं. आणि एक गोष्ट ते प्रत्येक बैठकीत बजावत: घरच्या लाइनीवर आकडा टाकून तारेत थेट करंट सोडायचा नाही. तसं करणाऱ्यांमुळं विदर्भात माणसंही मेली आहेत आणि वाघही. झटका मशीनचा करंट सेकंदाला एखादा, क्षणभराचा ठोका असतो. जनावर दचकतं, मरत नाही.

दुसरीकडं एक पंचविशीतला मुलगा, डिप्लोमा करून गावात परतलेला. त्याचं म्हणणं, कुंपणच कशाला? नाल्याकडच्या पट्ट्यात हरभरा घेणंच बंद करू, तिथं काटेरी करडईच्या दाट ओळी लावू. नाहीतर पाणी आणि चारा नाल्यापलीकडंच ठेवू, म्हणजे कळप इकडं येणारच नाही. नाहीतर सतराही जणांचं पीक-नियोजन एकत्र करू, म्हणजे राखायचा भाग एकाच तुकड्यात येईल. दर बैठकीत नवीन काहीतरी, आणि मागच्या बैठकीतलं अर्धवट सोडलेलं.

काकाजी म्हणत, "हा पोट्टा काम होऊच देत नाई." मुलगा म्हणे, "काकाजीले नवीन काही चालतच नाई." गटाची माझ्याकडून अपेक्षा एकच होती. कोण जास्त हुशार ते सांगावं, म्हणजे त्याचं ऐकू.

हुशारी एक, तऱ्हा दुसरी

इथं थोडं थांबून शास्त्राकडं जावं लागेल, कारण गटाचा प्रश्नच चुकीच्या मापाचा होता.

सर्जनशीलता मोजायची म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढं पातळी येते: कोणाकडं जास्त, कोणाकडं कमी. १९५० साली जे. पी. गिलफर्ड यांनी अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षपदावरून या विषयाकडं संशोधकांचं लक्ष वेधलं, आणि पुढच्या काळात अशाच चाचण्या आल्या. एखाद्या वस्तूचे किती उपयोग सुचतात, त्यातले किती वेगळे, किती तपशीलवार. एलिस पॉल टॉरन्स यांच्या १९६६ पासूनच्या चाचण्याही याच घराण्यातल्या. 'किती' हा त्यांचा प्रश्न.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मायकेल कर्टन यांनी प्रश्न बदलला. व्यवस्थापकांच्या सूचना कंपनीत पुढं कशा सरकतात हे पाहताना त्यांना दिसलं की काही चांगल्या सूचना चटकन मान्य होतात आणि तितक्याच चांगल्या काही वर्षानुवर्षं पडून राहतात. फरक सूचना चांगली की वाईट यापेक्षा ती कोणत्या जातीची आहे यात होता. १९७६ साली त्यांनी आपली प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती विचारते की माणूस प्रश्न सोडवतो कोणत्या तऱ्हेनं. एका टोकाला अडॅप्टर: प्रश्न जसा मांडला तसा घेतो, चालू चौकटीत राहून ती आणखी नीट करतो, थोड्या पण अमलात येतील अशा कल्पना देतो. दुसऱ्या टोकाला इनोव्हेटर: प्रश्नाची मांडणीच उचकटतो, खंडीभर कल्पना देतो, त्यातल्या काही भलतीकडं जातात, आणि बारीकसारीक तपशिलांत त्याचा जीव रमत नाही. मी पुढं यांना चौकट राखणारे आणि चौकट हलवणारे म्हणेन. मोजले जाणारे प्रश्न ३२, गुण ३२ ते १६० मध्ये, सर्वसाधारण लोकांची सरासरी ९५ च्या आसपास. गुणाला तीन अंगं: कल्पना किती आणि कोणत्या जातीच्या, कामातली काटेकोर शिस्त, आणि नियम व गट यांच्याशी असलेलं नातं. कर्टन यांचा आग्रह असा की यात वरचा गुण चांगला आणि खालचा वाईट असं काही नाही, आणि या गुणाचा बुद्धीच्या पातळीशी संबंध नाही. दुसऱ्या भागावर संशोधकांत वाद आहे, विशेषतः पहिल्या अंगाबाबत. पण 'किती' आणि 'कसं' वेगळं ठेवण्याचा मुद्दा टिकला आहे. पुढं सेल्बी, ट्रेफिंगर आणि आयझॅक्सन यांनी आपलं साधन बनवलं, तेही शैलीच मोजतं. त्यात बदलाकडं बघण्याच्या तऱ्हेला आणखी दोन गोष्टी जोडल्या: माणूस विचार चारचौघांत बोलून करतो की आधी मनात, आणि निर्णय घेताना माणसांकडं आधी पाहतो की कामाकडं.

कर्टन यांचं आणखी एक निरीक्षण या प्रकरणात थेट लागू पडलं. त्यांच्या मापावर दोघांत वीसेक गुणांचं अंतर पडलं की एकमेकांचं बोलणं पचेनासं होतं. राखणाऱ्याला हलवणारा बेभरवशाचा, उथळ वाटतो. हलवणाऱ्याला राखणारा बुरसटलेला वाटतो. आणि मग मूळ प्रश्न बाजूला पडून सगळा जोर एकमेकांना सांभाळण्यात जातो. गटाची दोन हंगामांची इतिवृत्तं वाचली तर रोहीवर जेवढ्या ओळी आहेत त्याहून जास्त 'बैठकीत शांतता ठेवावी' यावर आहेत.

माप घ्यायचं कसं

कर्टन यांची प्रश्नावली उचलून वापरता येत नाही. ती प्रशिक्षण घेतलेल्या, प्रमाणित व्यक्तीनंच वापरायची असते, आणि ती घडली कार्यालयांत काम करणाऱ्या, लिहिता-वाचता येणाऱ्या लोकांसाठी. म्हणून मी फक्त तिच्यामागची कल्पना घेतली आणि प्रश्न नव्यानं घडवले. त्यामुळं खाली येणारे आकडे कर्टन यांच्या आकड्यांशी ताडून पाहू नयेत. ते या सतरा माणसांच्या आपसांतल्या जागा दाखवतात, त्यापलीकडं काही नाही.

त्या प्रश्नावलीची एक खुबी मात्र मला सोडवेना. ती 'तुम्ही असं करता का' असं विचारत नाही. बराच काळ असं वागून दाखवायचं झालं तर ते तुम्हाला किती सोपं किंवा किती अवघड जाईल, असं विचारते. खेड्यात हा प्रश्न सोन्यासारखा चालतो. 'तुम्ही शिस्तीत काम करता का?' असं विचारलं की प्रत्येक जण हो म्हणतो, आणि ओसरीवर सासरा बसला असेल तर दोनदा म्हणतो. 'असं वर्षभर वागाचं म्हटलं तर जड जाईन का सोपं?' म्हटलं की माणूस क्षणभर थांबतो, मांडीखालचा पाय बाहेर काढतो आणि खरं सांगतो.

दुसरी अडचण होकाराची. बाहेरून आलेल्या मॅडमला नाही म्हणायचं नाही, ही इकडची रीत. म्हणून प्रत्येक प्रश्नात दोन शेतकऱ्यांच्या गोष्टी ठेवल्या, दोघंही इज्जतदार, दोघांचंही पीक चांगलं. एक असा: औताची फाळ बिघडली की तीच दुरुस्त करतो, आणि या वेळी आधीपेक्षा नीट. दुसरा असा: औत बाजूला ठेवतो आणि ते काम औताशिवाय कसं होईल याच्या मागं लागतो. किंवा: बैठकीत बहुतेकांचं जमलं की पहिला तिथं थांबतो, दुसऱ्याला तिथूनच 'पण' फुटतो. दोन गोष्टींच्या मध्ये जमिनीवर खडूनं पाच घरं आखायची आणि माणसानं तुरीचा दाणा आपल्या घरात ठेवायचा. अशा बारा जोड्या. दर जोडीला १ ते ५, म्हणजे एकूण १२ ते ६०, मधोमध ३६. मोठा आकडा चौकट हलवणाऱ्याकडं. काही जोड्यांत बाजू मुद्दाम उलट ठेवल्या, म्हणजे एकाच बाजूला दाणे ठेवत जाणाऱ्याची चाल कळते.

दोन जोड्या आधीच्या चाचणीत गळाल्या, आणि त्या का गळाल्या हे मला या सगळ्या कामात सर्वांत मोलाचं वाटतं. एक होती नवीन वाण लवकर लावणाऱ्याची. तिच्यात वरचा गुण आला तो पंधरा एकरवाल्यांना. ज्याच्याकडं पंधरा एकर आणि विहीर आहे तो एका एकरात खुशाल जुगार खेळतो. तीन एकर कोरडवाहूवाला खेळू शकत नाही, मग त्याच्या डोक्यात काही का चालेना. ती जोडी जमीन मोजत होती, शैली नाही. शेतीविस्ताराच्या कामात 'नवं लवकर स्वीकारणारे' आणि 'मागं राहणारे' अशी विभागणी सर्रास वापरतात. ती दुसऱ्यानं आणलेलं नवं कोण घेतो हे सांगते. स्वतः प्रश्न कसा सोडवतो हे तिच्यातून कळत नाही, आणि आमच्याकडच्या कितीतरी अहवालांत या दोन गोष्टी बिनधास्त एक केलेल्या असतात. गळालेली दुसरी जोडी नियम मोडण्याची. लोकांनी तिचं उत्तर चारित्र्याचा दाखला दिल्यासारखं दिलं.

विचारणं प्रत्येकाच्या वावरात, एकट्यात. बायांच्या बाबतीत तर घरी विचारून उपयोगच नव्हता. आकडा ज्याचा त्यालाच सांगायचा, हे आधीच ठरलं होतं.

आणि 'हुशार कोण' हा गटाचा प्रश्नही मी टाळला नाही, वेगळा विचारला. पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापूस वेचून उरलेल्या काड्यांचे, किती उपयोग सुचतात ते सांगा.

काय आढळलं

पऱ्हाट्यांच्या प्रश्नात सर्वांत लांब यादी काकाजींची. जळण, कुडाची भिंत, वेलवर्गीय भाज्यांना मांडव, नाल्यात आडव्या पेंढ्या रचून गाळ अडवणं, रोपांना सावली, कोंबड्यांचा आडोसा, खड्ड्यात कुजवून खत. आणि दर दोन उपयोगांनंतर एक अट: वावराच्या कडेला ढीग ठेवायचा नाही, बोंडअळी त्यात दबा धरून राहते. त्या मुलाची यादी आखूड. पण तिच्यात पऱ्हाट्यांची भुकटी दाबून जळणाच्या कांड्या करणं आणि पार्टिकल बोर्ड होतं, आणि 'पऱ्हाट्या उरतीलच असं पीक कायले घ्याचं?' हा उलटा सवालही होता. पातळीत दोघं कुठंच कमी नाहीत. यादीकडं बघूनच तऱ्हा दिसते.

दाण्यांच्या खेळात काकाजी २१, मुलगा ४७. सचिव ताई ३१. बाकी बहुतेक तिशी-चाळिशीच्या आतबाहेर. म्हणजे गटाचा कल किंचित काकाजींच्या बाजूला होता, आणि मुलाला बैठकीत एकटं का वाटायचं ते समजलं.

सर्वांत वरचा आकडा मात्र मुलाचा नव्हता. तो ५२ होता, आणि ज्याचा होता तो माणूस बैठकीत कधी बोलताना कोणी ऐकलेला नाही. दुसऱ्याचं वावर मक्त्यानं करणारा, आधी कित्येक वर्षं सालगडी. सातबाऱ्यावर त्याचं नाव नाही. दाणे ठेवून झाल्यावर तो म्हणाला, "जड-सोपं इचारलं म्हणून सांगतलं. करून पाहाले वावर आपलं पायजे." आणि लगेच, "मालकाले सांगू नका."

याला कर्टन यांच्याकडं नाव आहे. माणूस आपल्या तऱ्हेबाहेर वागू शकतो, गरज असेल तेवढे दिवस वागतो, पण त्याची किंमत मोजतो. हे जुळवून वागणं बाहेरून शैलीसारखंच दिसतं. केवळ निरीक्षणावर विसंबलं असतं तर मी या माणसाला डोळे मिटून काकाजींच्या शेजारी बसवलं असतं. पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. एकाच माणसाचा एकाच वेळी घेतलेला, घरी बनवलेल्या मापाचा आकडा. त्याच्यावर मी सिद्धान्त उभारणार नाही. त्या दिवशी त्याला मोकळं बोलायची संधी मिळाली म्हणून दाणे टोकाला गेले असतील, हेही शक्य आहे.

जवळजवळ मध्यावर, ३७ वर, एक सभासद होता. मधला माणूस म्हणजे पूल, असा सोपा हिशेब मनात येतोच. त्याला विचारलं तर म्हणाला, "मले कायले मधात घालता? दोघंही माह्या भाऊबंदकीतले." कर्टनही हेच म्हणतात. मध्यावर असणं हा आकडा आहे, पूल होणं हे काम आहे, आणि ते करायची तयारी लागते. तयारी होती ती ताईंची, ज्या काकाजींच्या बाजूला होत्या, पण टोकाला नव्हत्या. काकाजींच्या वहीतलं त्यांना वाचता येत होतं आणि मुलाच्या बोलण्यातलं अर्धं तरी टिपून घेता येत होतं.

आकडे गुप्त ठेवायचे ठरलं होतं, पण गावात गुप्त असं काय राहतं? आठवड्याभरात पोरं एकमेकांना "अबे एकवीस" आणि "सत्तेचाळीस दादा" म्हणायला लागली. आकडा आला की टोपणनाव आलंच. काकाजी हसले, मुलगा हसला नाही. मक्त्यानं करणाऱ्याचा आकडा मात्र बाहेर आला नाही. त्यानं कोणाला सांगितलाच नव्हता. (या लेखात तो त्याच्या परवानगीनं आला आहे.)

मापाचा उपयोग

बैठकीत मी निकाल वाचला नाही. जमिनीवर एक रेघ ओढून दोन टोकांच्या दोन तऱ्हा सांगितल्या आणि विचारलं, झटका मशीनचं काम हातात घेतलं तर कोणत्या टप्प्याला कोणत्या तऱ्हेचा माणूस लागेल? लोक आपोआप बोलायला लागले. जागा कोणती, किती तार, कोणाच्या धुऱ्यानं न्यायची, इथं उलटसुलट विचार करणारा. खरेदी, अर्थिंग, गवताची पाळी, बॅटरीची वही, इथं काकाजी. 'हुशार कोण' हा प्रश्न त्यानंतर कोणी काढला नाही.

मक्तेवाल्याची अडचण उरली होती. नाव न घेता त्याचं डोकं बैठकीत कसं आणायचं? ताईंनी यावर जे केलं त्याचं श्रेय त्यांनाच. बैठकीच्या आधी त्या प्रत्येकाच्या वावरात गेल्या, प्रत्येकाची एक सूचना स्वतःच्या अक्षरात चिठ्ठीवर उतरवली आणि बैठकीत सगळ्या चिठ्ठ्या नाव न सांगता वाचल्या. सतरा चिठ्ठ्यांतली एक अशी: रोही लेंड्या जागोजाग टाकत नाही, ठरलेल्या जागी ढीग घालतो. नाल्याकाठी असे ढीग कुठं कुठं आहेत ते पाहा. ज्या वाटेनं कळप वर येतो ती वाट कळेल. सगळ्या शिवाराला तार कशाला? हरभरा आणि फुलावरची तूर जिथं आहे त्या तुकड्याला, आणि वाटेच्या तोंडाला. पीक काढलं की खुंट उपटा आणि तार पुढच्या तुकड्याला न्या.

क्षणभर कोणी बोललं नाही. मग मुलगा म्हणाला, "हे मी म्हणाले पायजे होतं." काकाजींचा पहिला सवाल: वाट बंद केली तर कळप बाजूनं येईल, त्याचं काय? दुसरा: हलती तार म्हणजे दर वेळी नवं अर्थिंग, सळ्या कोण ठोकणार? सवाल दोन्ही बरोबर होते आणि त्यांतूनच आराखडा घडला. अर्थिंगच्या जागा कायमच्या तीन ठिकाणी, विहिरींजवळ, जिथं माती ओली राहते. तार आणि बांबूचे खुंट हलते. बाजूनं येणाऱ्या कळपासाठी मुलाच्या करडईच्या ओळी, त्याही सगळीकडं नाहीत, दोनच धुऱ्यांवर. ज्या चिठ्ठीनं हे सुरू झालं ती कोणाची, हे काकाजींनी विचारलं नाही. त्यांना कळलं असावं असं मला वाटतं, कारण वाटा दाखवायला त्यांनी सोबत नेलं ते त्याच माणसाला.

हंगामात काय झालं

तार दिवाळीनंतर लागली. त्या हरभऱ्यात रोहीचा त्रास कमी झाला, असं सगळेच सांगतात. किती कमी, हे सांगणारी नोंद कोणी ठेवली नव्हती, आणि मी अंदाजानं आकडा देणार नाही. डुकरं दोनदा आत आली. दोन्ही वेळा गवत काढायची पाळी चुकली होती, आणि दुसऱ्यांदा पाळी त्या मुलाची होती. काकाजींनी बैठकीत त्याला काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी पाळीचं कागद बदललं: मुलाला गवताऐवजी तार हलवायच्या दिवसांचं नियोजन, आणि गवत दुसऱ्याला. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात मापाचा खरा उपयोग झाला असेल तर तो इथं. आधी हीच चूक 'पोट्टा बेजबाबदार' म्हणून इतिवृत्तात गेली असती.

नुकसान झालं ते कुंपणाबाहेर. वाट अडल्यावर कळप खालच्या अंगाला सरकला आणि गटात नसलेल्या दोघांच्या तुरीत शिरला. त्यांनी ग्रामपंचायतीत तक्रार केली, आणि तक्रार रास्त आहे. माझ्या माहितीतल्या सौर कुंपणांच्या बहुतेक कामांत हा भाग कोणी धरतच नाही. ज्याचं वावर तारेत त्याचं भलं, आणि जनावर शेजाऱ्याच्या माथी.

काही महिन्यांनी मी त्याच बारा जोड्या पुन्हा विचारल्या. माप जर शैलीचं असेल तर आकडे फारसे हलायला नकोत, वागणूक बदलली तरी. मुलगा आता वही ठेवतो, वेळेवर येतो, आणि त्याचा आकडा होता ४६. ताई ३३. मक्तेवाला ४८ वर आला, जो माझ्या मते आधीच्या आकड्यापेक्षा खऱ्याच्या जवळ असावा. काकाजी दुसऱ्यांदा बसलेच नाहीत. "एकदा मोजलं तेवढं पुरे. आता म्हाताऱ्याचं काय वाढन रायलं?" बाकीच्यांपैकी तिघांचे आकडे मात्र एवढे हलले की त्यांच्या बाबतीत माप धरवत नाही. तिघांनाही पहिल्यांदा घरी विचारावं लागलं होतं, पावसामुळं. बारांतली दहावी जोडी, नोंद ठेवण्याविषयीची, मी आता काढून टाकली आहे. बचत गटात असलेल्या बायांना नोंदीची सवय लागलेलीच असते, आणि पुरुषांच्या आकड्यांशी त्यांची तुलना तिथं बिघडते.

खालच्या अंगाच्या त्या दोघांना गटात घ्यायचं की तार त्यांच्यापर्यंत नेऊन भाडं घ्यायचं, यावर सध्या बैठक अडली आहे. काकाजींचं म्हणणं, आधी लेखी नियम, मग तार. मुलाचं म्हणणं, नालाच ओलांडून पलीकडच्या गावाशी बोलू, कळप त्यांचाही आहे. ताईंनी पुन्हा चिठ्ठ्या गोळा करायला सुरुवात केली आहे, आणि या वेळी त्यात एकोणीस नावं आहेत.